तिचा 'नको' आधी दिसला

पद्धतशीर आढाव्यासाठी (एका विषयावरचे सगळे अभ्यास शोधून, निकषांवर चाळून एकत्र मांडणं) आम्ही लेखांचे सारांश सॉफ्टवेअरमध्ये चाळत होतो. एका सारांशावर 'घ्या' दाबणार, तेवढ्यात शेजारी सहकारी मैत्रिणीचा लाल 'नको' दिसला. माझं बोट तिथंच थबकलं. मीही 'नको' केलं.

मन खात राहिलं, म्हणून दुपारी पूर्ण लेख काढला. अभ्यास आमच्या निकषांत चपखल बसत होता. फक्त सारांशात नियंत्रण गटाचा (तुलनेसाठीच्या गटाचा) उल्लेख राहून गेला होता. मैत्रिणीला सांगितलं तर म्हणाली, "अगं, मी घाईत दाबलं होतं!"

हे चाळणीचं सॉफ्टवेअर निवडताना दोन आठवडे घातले. रय्यानची मोफत आवृत्ती, कोव्हिडन्सची वर्गणी, ओपन सोर्स एएसरिव्ह्यू आपल्या निर्णयांवरून शिकून उपयोगी लेख वर कसे आणतं, सगळं पाहिलं. एकमेकींची मतं झाकलेली राहतील का, हे मात्र कुणीच विचारलं नाही. आणि प्रिस्मा २०२० मध्ये (अशा आढाव्याच्या अहवालात काय लिहावं, याची मार्गदर्शक सूची) तर थेट लिहायला सांगितलंय: किती जणांनी चाळलं, स्वतंत्रपणे चाळलं का. बघून दिलेल्या मतांनी कप्पा (kappa, दोघींची मतं किती जुळतात याचा आकडा) वाढेल, पण ती सहमती कसली?

झालेले ३४० सारांश उद्यापासून पुन्हा चाळणार आहोत, मतं झाकून.

तुम्ही निवडताना सगळ्यात आधी काय तपासता?