केओमोकूचं चर्च आणि लानाई सिटीचं धुकं

हवाईतल्या लानाई बेटावर सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचा बेत असेल, तर तो बदला. किमान एक रात्र राहा. शेजारच्या माउई बेटावरच्या लाहाइना गावात 2023 मध्ये आग लागली, त्यानंतर तिथून येणारी फेरी माउईच्याच मालाएआ बंदरातून सुटू लागली. आम्ही ती पकडून लानाईच्या मानेले बंदरात उतरलो, तर ऊन चटके देत होतं. तासाभरात वर लानाई सिटीत पोचलो, तर धुकं आणि अंगावर स्वेटर! गाव सुमारे 1,600 फुटांवर आहे, गरम कपडा विसरू नका.

नावात 'सिटी', पण वस्ती जेमतेम तीन हजारांची, एकही सिग्नल नाही. जेम्स डोल यांनी 1922 मध्ये बेट विकत घेतलं आणि अननसाच्या मळ्यातल्या कामगारांसाठी हे गाव वसवलं. पत्र्याच्या छपरांची ती छोटी रंगीत घरं, मधलं डोल पार्क आणि उंच कुक पाइन. या झाडांच्या सुया धुक्यातलं पाणी धरून जमिनीवर ठिबकवतात; सकाळी झाडाखाली उभं राहिलात तर अंगावर थेंब पडतील. अननसाची शेती 1992 मध्ये संपली. पार्कजवळचं वारसा केंद्र आधी पाहा, म्हणजे पुढचं सगळं उमगतं.

माझं मन मात्र केओमोकू या ओसाड गावात राहिलं. 1899 मध्ये इथे, बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, उसाचा मळा आणि साखर कारखाना उभारायला घेतला, 1901 पर्यंत सगळं बुडालं. विहिरींचं पाणी खारं झालं. रेल्वेमार्गासाठी हेइआउचे, म्हणजे जुन्या देवस्थानाचे, दगड उपसले म्हणून असं झालं, अशी तिथली श्रद्धा आहे. आज झाडीत उरलंय ते 1903 चं लाकडी चर्च. आत आम्ही बराच वेळ नुसते बसलो होतो, बाहेर लाटांचा आवाज.

केओमोकूकडे जाताना डांबरी रस्ता किनाऱ्याशी संपतो, पुढे वाळू आणि चिखल. फोर-व्हील ड्राइव्हची जीपच घ्या, आणि पाऊस पडून गेला असेल तर त्या दिवशी जाऊच नका. किआवे या काटेरी झाडाचे काटे टायरात घुसतात, स्टेपनी तपासून निघा. पाणी, खाणं आणि भरलेली टाकी गावातूनच न्या. वाटेत काही मिळत नाही.

दक्षिणेकडच्या काउनोलूला हवाईच्या पहिल्या कामेहामेहा राजाचं मासेमारीचं ठिकाण होतं. तिथला रस्ता याहून खडतर आहे, भाड्याची जीप तिथे नेऊ देतात का ते आधी विचारा. तिथल्या जुन्या घरांच्या जोत्यांवर चढू नका, आणि एकही दगड हलवू नका.