घट बसले, मंदिर उघडलं

आज ७ ऑक्टोबर २०२१. एप्रिलपासून बंद असलेलं अंबाबाईचं मंदिर घटस्थापनेला उघडलं, म्हणून सकाळीच महाद्वार रोडला गेलो. दर्शन पास काढलेल्यांनाच, आणि ६५ वर्षांवरच्यांनी घरीच थांबावं अशी शासनाची सूचना. ओल्या गोणपाटावर वेण्या मांडून बसलेल्या मावशी म्हणाल्या, "दादा, माझं वय सत्तर. म्हंजे आई तिथं, मी हितं, आन् फुलं तेवढी आत जायाची व्हय?" उत्तर सुचलं नाही. दोन वेण्या घेतल्या. पैसे घेईनात, शेवटी टोपलीत टाकून आलो.

सोमवारपासून शहरात आठवी ते बारावीचे वर्ग सुरू झालेत. खालच्या वर्गांचं विचारू नका, निर्णय आला की इथंच कळवेन. नाट्यगृहं आणि थिएटर २२ तारखेपासून, निम्म्या क्षमतेनं.

दुपारी ऑफिसात बहुतेक जण जुलैच्या पुराच्या मदतीसाठीच आलेले. एका ताईंचे पैसे आलेच नाहीत. पासबुक उघडून बघितलं, तर फॉर्मवर खाते क्रमांकाचा एक आकडा चुकलेला! एका आकड्यासाठी बाईंनी चार हेलपाटे घातले. खरं सांगतो, लाज वाटली. दुरुस्तीचा अर्ज तिथंच लिहून घेतला. कुणाचं असंच अडकलं असेल तर पासबुक आणि आधारची झेरॉक्स घेऊन उद्या १० ते १ या.

कोविशील्डचा पहिला डोस घेऊन ८४ दिवस झालेल्यांनी दुसरा घ्या. गर्दी कमी झालीय, आता कारण सांगू नका.