मॅग्निफिकात अपडेट: डावा हात सुटला, पेडल अडलं

मंडळी, बाखची ऑर्गनची रचना बीडब्ल्यूव्ही ६४८ (मी ती कॉम्प्युटरच्या ऑर्गनवर बसवतोय) एकदाची पुढे सरकली आणि लगेच रुतली पण. डाव्या हातातले दोन आवाज आता भांडत नाहीत, उजव्या हातात टोनस पेरेग्रिनस (चर्चमधली जुनी स्तोत्रगायनाची चाल) निवांत चालतो. आधी ए हा सूर धरून बसायचं, मग दुसऱ्या अर्ध्यात जी वर उतरून तिथे बसायचं, बास. लुथरन लोक संध्याकाळच्या उपासनेत मरियेचं गीत (म्हणजेच मॅग्निफिकात) याच चालीवर गायचे. ६४८ ज्यातून आलंय त्या बाखच्या १७२४ च्या कॅन्टाटात (गायक आणि वाद्यांची रचना) ही चाल ट्रम्पेट आणि ओबोकडे आहे म्हणून मी रीड (त्यांच्यासारखा ठसठशीत आवाजाचा स्टॉप) लावलाय, आणि डाव्या हातातल्या आल्टो-टेनरच्या वर तो जे काही तरंगतो ना, आहाहा!

आता रडगाणं. सुरुवातीला पेडल (पायाने वाजवायच्या पट्ट्या) एकटंच वाजतं, अर्ध्या-अर्ध्या सुरांनी सरकत, आणि नेमका तिथेच सगळा चिखल होतो. सँपल सेट (खऱ्या ऑर्गनचे रेकॉर्ड केलेले आवाज) मोठ्या चर्चमधला, त्यामुळे मागच्या सुराची शेपटी पुढच्या सुरावर येऊन पडते आणि सी शार्प कुठे संपला, डी कुठे सुरू झाला काही कळत नाही. लेटन्सी (आवाज उशिरा येणं) असेल म्हणून बफर कमी केला तर नुसती चरचर. ग्रँडऑर्ग या ऑर्गनच्या सॉफ्टवेअरमध्ये रिलीज लेन्थ (सूर सोडल्यावरची शेपटी) कमी केली तर पेडल साफ झालं पण वरचा रीड एकदम कोरडा, सगळी मजाच गेली. पेडलचा १६ फुटी स्टॉप (एक सप्तक खाली वाजणारा) काढून फक्त ८ फुटी ठेवला तेव्हा सूर कळायला लागले, पण खाली जमीनच उरली नाही.

हे टाइप करता करता सुचलं, शेजारच्या ६४७ मध्ये बाखनेच चाल पेडलला दिलीय, ४ फुटीवर (एक सप्तक वर)! मग इथे पण चालीचे लांब सूर पायाला, बास डाव्या हाताला, दोन्ही मधले आवाज उजव्याला का नको? बोटांनी प्रत्येक सूर सोडून वाजवता येईल, पायाने मला ते जमत नाही. म्हणजे डाव्या हाताची एवढी मेहनत उजव्याला पहिल्यापासून शिकवायची, असो. माझ्या सेटमध्ये पेडलला ४ फुटी रीड नाहीये, पण हाताच्या तिसऱ्या कीबोर्डवर एक आहे, तो कपलरने (दोन कीबोर्ड जोडणारी कळ) पेडलवर आणतो. उजव्या हाताचं फिंगरिंग (कुठल्या बोटाने कुठला सूर) कोणी लिहून ठेवलं असेल तर फोटो टाका प्लीज.