घडीचं छप्पर

दापोली तालुक्यात, समुद्रापासून चार-पाच किलोमीटर आत आमचं कौलारू घर आहे. घराच्या पूर्वेला, भिंत आणि गडगा (कुंपणाची बुटकी दगडी भिंत) यांच्यामध्ये चारेक मीटर रुंदीची सपाट जागा आहे. तिला आम्ही खळंच म्हणतो. पावसाळ्यात तिथे गाडी उभी असते आणि दिवाळीनंतर तिथेच सुपारी वाळत पडते. सुपारी नीट वाळायला ३५ ते ४० दिवस कडक ऊन लागतं. तिच्यामागे सांडगी मिरची, पापड, आमसुलं, आंब्याची साटं अशी रांग लागते ती मेअखेरपर्यंत संपत नाही. गाडीसाठी छप्पर टाकायचा विषय निघाला की सासूबाई एकच विचारायच्या, "मग सुपारी काय गच्चीवर घालू?" आमच्या घराला गच्ची नाही.

छप्पर हवं होतं हे मात्र खरं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. गाडीला कापडी कव्हर घातलं तर खाऱ्या हवेत आत दमट कोंडतं आणि दरवाजांच्या खालच्या कडा गंजतात. न घातलं तर माडाच्या झावळ्या आणि पक्षी आहेतच. त्यामुळे पावसाळाभर छप्पर, हिवाळ्यात दिवसा मोकळं आकाश, रात्री दव पडायला लागलं की पुन्हा छप्पर, अशी मागणी तयार झाली. हिवाळ्यात गाडी दिवसा माझ्याबरोबर शाळेत असते, त्यामुळे खळं गाडी आणि सुपारी दोघींना वाटून घेता येत होतं.

पत्र्याची शेड नको हे घरात न बोलता ठरलेलं होतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं किनाऱ्यावर आलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता आणि झोत १२० पर्यंत जात होते. आमच्या वाडीत माड आणि पोफळी आडव्या झाल्या, आणि वाडीतले पत्रे कुठल्या कुठे जाऊन पडले. पुढे कित्येक आठवडे वीज नव्हती. या दोन गोष्टी, उडणारा पत्रा आणि गेलेली वीज, मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्या आणि त्यांनी पुढची बरीच कामं सोपी केली.

पहिली गोष्ट म्हणजे मोटर बाद झाली. शहरातल्या विक्रेत्यांकडून जी माहितीपत्रकं मागवली, त्यात बटण दाबलं की उघडमिट होणारी छपरं होती. अ‍ॅल्युमिनियमच्या फिरत्या पट्ट्यांची, भिंतीला लावायच्या हातांची, पाहत बसावं अशी. पण ज्या क्षणी छप्पर मिटायची सगळ्यात जास्त घाई असते, नेमकी तेव्हाच आमच्याकडे वीज नसते. दुसरं, भिंतीतून हात बाहेर काढून कापड ताणणाऱ्या प्रकारात सगळा ताण भिंतीतल्या बोल्टांवर येतो. आमची भिंत जांभ्याची, दगडांमधले सांधे जुन्या मातीचे. तिच्यात खुंटी टिकते, एवढा ओढा टिकणार नाही. शिवाय वारा ताशी ४० किलोमीटरच्या आसपास गेला की छप्पर मिटून घ्यावं असं त्याच माहितीपत्रकात बारीक अक्षरात होतं. कोकणातल्या जुलैमध्ये मग ते उघडायचं कधी?

घडीच्या छपराचे फोटो नेहमी पसरलेल्या अवस्थेतले असतात. मला ते मिटल्यावर कुठे राहणार, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटला. वादळात घडी घालून ठेवलेलं कापड सुटलं तर ते पसरलेल्या कापडापेक्षा वाईट फडफडतं, आणि घडीत पाणी साचलं तर बुरशी येते. म्हणून आराखड्याची सुरुवात मी घडीच्या जागेपासून केली. खळ्याच्या मागच्या, उत्तरेच्या टोकाला पाऊण मीटर रुंदीची, पत्र्यानं कायमची झाकलेली पेटी. सगळं कापड मिटून तिच्यात शिरणार, आणि तिथे पट्ट्यांनी आवळून बांधता येणार. मग पेटीपासून रस्त्याच्या बाजूला दोन समांतर रूळ काढले. रुळांत नायलॉनची चाकं, चाकांवर आडवे पाइप, आणि पाइप ओवायला कापडाला जोडलेले खिसे. पडदा सरकतो तसंच हे छप्पर सरकतं, फक्त आडवं.

मापं घ्यायला चुना आणि बांबू पुरले. आमची गाडी चार मीटरपेक्षा लहान, रुंदी १.७ मीटर. जमिनीवर चुन्यानं चौकट आखली, गाडी आत उभी केली, दोन्ही बाजूंचे दरवाजे पूर्ण उघडले, सासूबाईंना मागच्या सीटवरून उतरायला लावलं. दरवाजाला साधारण ७० सेंटिमीटर लागतात, आणि वय झालेल्या माणसाला त्यापेक्षा थोडे जास्त. रुंदी ३ मीटर आणि लांबी साडेपाच मीटर ठरली ती अशी.

उताराचं काम मात्र डोकं खाणारं निघालं. कापडाला उतार कमी पडला तर पाण्याचं पोट सुटतं, आणि एक चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा किलो. पोट सुटलं की कापड ताणतं, ताणलं की आणखी पाणी मावतं. माझा पहिला विचार सगळ्यांचा असतो तोच होता: घराकडे उंच, गडग्याकडे उतरता. पण आमची कौलं खाली उतरलेली आहेत, पागोळी जमिनीपासून २.३ मीटरवर. तिच्याखालून सुरुवात करून ३ मीटरमध्ये ६० सेंटिमीटर उतार दिला तर गडग्याकडे दीड मीटरच्या जरा वर उंची उरते. गाडी कशीबशी मावेल, माणसाचं डोकं आपटेल. आणि पाणी पडेल शेजाऱ्याच्या हद्दीकडे. पागोळीवरून भांडणं झालेली घरं आमच्या गावात कमी नाहीत.

तेव्हा उतार उलटा केला. गडग्याकडे उंची २.७५, घराकडे २.१५. कौलांची पागोळी आणि कापडाचं पाणी दोन्ही मध्ये एकाच पन्हळीत. यात भिंतीला ओल येण्याचा धोका होता, म्हणून पन्हळ आठ इंच रुंद घेतली आणि तिची गाडीकडची कड भिंतीकडच्या कडेपेक्षा बोटभर बुटकी ठेवली. तुंबली तर पाणी गाडीवर सांडेल, जांभ्यावर नाही. हिशेब साधा होता. तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरला, तर साडेसोळा चौरस मीटर कापडावरून तासाला १६५० लिटर आणि कौलांच्या त्या अर्ध्या पाखीवरून चारेक हजार लिटर. एका पाइपवर न भागवता दोन्ही टोकांना ११० मिलिमीटरचा एकेक पाइप सोडला, पाणी पोफळींच्या आळ्यांकडे वळवलं.

या आडव्या उताराचा एक फायदा मला नंतर लक्षात आला. रूळ लांबीच्या दिशेनं सपाट आहेत, उतार आहे तो आडव्या पाइपांच्या दिशेनं. दोन पाइपांमध्ये कापड थोडं झोळतं, आणि प्रत्येक झोळ स्वतःच एक पन्हळ होऊन घराकडे वाहतो. उतार रुळांच्या दिशेनं असता तर प्रत्येक पाइपाआड पाणी अडलं असतं. हे कुठल्या माहितीपत्रकात मी पाहिलं नाही. जुनी ताडपत्री, बांबू आणि बादलीभर पाणी यांच्यावर करून पाहिलं.

खांबांबद्दल, लोखंडी सांगाडा बनवणाऱ्या फॅब्रिकेटरशी बरीच चर्चा झाली. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे ही संधी सोडणार नव्हते. वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करून ०.६ नं गुणायचं, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये येतं. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३.३ मीटर. दर चौरस मीटरला सुमारे ६६५ न्यूटन, म्हणजे साधारण ६८ किलोचा जोर. साडेसोळा चौरस मीटरला अकराशे किलोच्या वर. छपराच्या आकाराप्रमाणे हा आकडा कमीजास्त होतो, पण अंदाजाला पुरे. आणि उघड्या शेडमध्ये वारा खालून शिरला की हा जोर वरच्या दिशेनं लागतो.

ते ऐकून तो म्हणाला, "बाई, लोक छप्पर वर धरायला खांब मागतात. तुम्ही खाली धरायला मागताय."

तसंच होतं. दोन्ही बाजूंना तीन-तीन असे सहा खांब घेतले, घराच्या भिंतीला एकही बोल्ट नाही. मधल्या खांबावर कोपऱ्यातल्या खांबाच्या दुप्पट ओढा येतो, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना छप्पर आहे. मधल्याच्या वाट्याला साधारण २८० किलो, दीडपट सुरक्षितता धरून ४२०. काँक्रीट घनमीटरला २४०० किलो भरतं, म्हणून ६० बाय ६० बाय ५० सेंटिमीटरचा ठोकळा. खरं तर वादळाचा इशारा आला की छप्पर मिटलेलंच असणार; पण आम्ही सगळे लग्नाला गेलेले असताना वारा सुटला तर काय, याचा हा हिशेब. फॅब्रिकेटरला सगळे खड्डे सारखे हवे होते, गवंड्याला सोपं जातं म्हणून. शेवटी सगळेच मोठे केले. काँक्रीट थोडं जास्त गेलं, वाद मिटला.

गंजाचं काय करायचं यावर मी अजिबात हटले नाही. रंग लावलेलं लोखंड आमच्या हवेत दोन पावसाळ्यांत वेल्डिंगच्या जागी फुलतं. गरम जस्तात बुडवून घेतलेलं लोखंड टिकतं, पण त्यासाठी माल घाट चढून पाठवावा लागतो आणि त्याआधी प्रत्येक भोक, प्रत्येक वेल्डिंग पूर्ण झालेलं हवं. जस्त ४५० अंशांच्या आसपास तापलेलं असतं. बंद पाइपात हवा किंवा ओल अडकली तर तो फुटू शकतो, म्हणून प्रत्येक बंद नळीला हवा जायला भोकं ठेवावी लागतात. परत आल्यावर जागेवर वेल्डिंग करायचं नाही, फक्त नटबोल्ट; नाहीतर ज्या जागी जाळलं तिथलं जस्त गेलं. फॅब्रिकेटरला हे पटायला वेळ लागला. "एवढंसं टाचून घेतो" ही त्याची सवय. मी खुर्ची टाकून समोर बसले. रूळ अ‍ॅल्युमिनियमचे असल्यानं लोखंडाला ते थेट चिकटू नयेत म्हणून मध्ये नायलॉनच्या चकत्या घातल्या. खाऱ्या हवेत दोन धातू एकमेकांना लागले की अ‍ॅल्युमिनियम खायला सुरुवात होते.

ग्रामपंचायतीत अर्ज आणि आराखडा दिला. गडग्यापासून अंतर सुटलंय ना, पाणी कुठे जाणार, एवढं पाहिलं गेलं.

कापड महामार्गावरच्या एका ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्याकडून घेतलं. पीव्हीसीचा लेप असलेलं पॉलिस्टर, चौरस मीटरला ६५० ग्रॅम. पट्ट्या जोडायला त्यानं शिलाई नाही, गरम हवेनं वेल्ड केलं, कारण सुईचं प्रत्येक भोक पावसाळ्यात बोलतं. त्याच्याकडे निळं स्वस्त होतं आणि सासूबाईंना निळंच हवं होतं. पण निळ्या ताडपत्रीखाली सगळंच निळं दिसतं, सुपारीला बुरशी आली की नाही हे कळत नाही. हा मुद्दा मांडल्यावर त्यांनीच पांढरं काढायला सांगितलं.

दोराचा सल्ला हर्णै बंदराजवळच्या, होड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळाला. दुकानदारानं विचारलं, कायम उन्हात का? मग साधा प्लॅस्टिकचा दोर नको, उन्हानं त्याची पावडर होते. नायलॉन ओला झाला की ताणतो. पॉलिस्टर घ्या. कप्प्या स्टेनलेस स्टीलच्या, ३१६ प्रतीच्या. तिथे बसलेल्या एका तांडेलानं (होडीच्या प्रमुखानं) माझा कागद पाहून आणखी एक गोष्ट सांगितली: एकाच बाजूनं ओढाल तर पुढचा पाइप तिरका होऊन रुळात अडकेल, शिडाचं तेच होतं. दोन्ही बाजूंचे दोर कप्प्यांवरून फिरवून एकाच ठिकाणी आणा, आणि एकत्र बांधून ओढा. तसंच केलं. दोराचा पूर्ण फेरा आहे; एका बाजूनं ओढलं की पसरतं, दुसऱ्या बाजूनं ओढलं की मिटतं. आडव्या पाइपांचं वजन शंभर किलोच्या घरात असेल, तरी रूळ सपाट असल्यानं सासूबाई दोन हातांनी सहज ओढतात. पुढच्या पाइपाला दोन्ही टोकांना खिट्ट्या आहेत, त्या लावल्याशिवाय काम पूर्ण धरायचं नाही.

सगळ्याला मिळून लाखाच्या थोडा वर खर्च आला. त्यातला सगळ्यात मोठा वाटा लोखंड आणि जस्ताचा. कापडाचा सगळ्यात लहान, आणि तेच पाच-सहा वर्षांनी बदलावं लागणार आहे. कापड पाइपांसकट बाहेर ओढून काढता येतं, त्यासाठी रुळाच्या एका टोकाची टोपी सुटी ठेवली आहे. खळ्याजवळच्या माडाचे नारळ आता पाडेल्याकडून वेळेआधीच उतरवून घेतो. झावळी पडली तर कापड ती झेलतं, नारळ झेलेल याची खात्री मी कोणाला देणार नाही.

वापरताना दोन नियम लागले. ओलं कापड घडी करून ठेवायचं नाही. मिटावंच लागलं तर ऊन पडताच पुन्हा पसरायचं. आणि बरेच दिवस मिटलेलं असेल तर ओढण्याआधी पेटीवर काठी आपटायची. घड्यांमध्ये गांधीलमाश्यांना जागा फार आवडते. पावसाळ्यात दक्षिणेकडून, रस्त्याच्या बाजूनं झड येते ती गाडीच्या बॉनेटपर्यंत भिजवते, त्यासाठी पुढे सुटा पडदा लावायचा आहे. ताडपत्रीवाल्यानं माप मागितलंय, आणि फॅब्रिकेटर विचारतोय की पडद्याचे हूक जागेवरच टाचून दिले तर चालतील का.