कोल्ड ब्रूसाठी जाडसर कॉफी दळून मिळेपर्यंत: माझा अनुभव

घरी कोल्ड ब्रू, म्हणजे थंड पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेली कॉफी, करण्यात अवघड काय, असं कोणी विचारलं तर मी एकच सांगते: जाडसर दळलेली, चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) नसलेली पूड मिळवणं. बाकी सगळं सोपं आहे. माझी कॉलेजला जाणारी मुलगी झोपायच्या आधी बरणी भरून फ्रीजमध्ये ठेवते आणि सकाळी गाळते, इतकं सोपं. पण ती पूड हातात पडेपर्यंत ठाण्यात मला जे हेलपाटे घालावे लागले, त्याचा राग अजून उतरलेला नाही. दुसऱ्या कोणाला ते घालावे लागू नयेत म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं घर तसं चहाचं. कॉफी म्हणजे जायफळ घातलेली, दुधाळ, गरम. उन्हाळ्यात मिक्सरमधली कोल्ड कॉफी: इन्स्टंट पूड, साखर, दूध, बर्फ, आणि वर फेस. ती मला अजूनही आवडते, मुलं आली की तीच करते. (इन्स्टंट आधी दोन चमचे गरम पाण्यात विरघळवा, मगच थंड दूध घाला, नाहीतर गुठळ्या दाताखाली येतात.) पण एकदा मुलीबरोबर बाहेर कोल्ड ब्रू प्यायले आणि कॉफीला इतका स्वच्छ वास असतो हे पहिल्यांदा कळलं. घरी आल्या आल्या ठरवलं की हे आपल्याकडे झालं पाहिजे. ठाण्यातला एप्रिल-मे, तो घाम, घोडबंदर रोडवरचा प्रवास, त्यानंतर हातात असा ग्लास हवाच.

कृती सांगून टाकते. १०० ग्रॅम जाडसर पूड, ८०० मिली प्यायचं साधं पाणी. काचेच्या बरणीत घालून ढवळायचं, झाकण लावून १४ ते १६ तास फ्रीजमध्ये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ओट्यावर ठेवू नका, फ्रीजच बरा. मग स्टीलच्या गाळणीतून, आणि नंतर ओल्या मलमलच्या फडक्यातून गाळायचं. फडकं पिळायचं नाही. पूड आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, त्यामुळे ६०० मिलीच्या आसपास अर्क हाती येतो. आठवडाभर टिकतो.

आता पूड.

बाजारात फिल्टर कॉफी म्हणून जी पाकिटं मिळतात, त्यातल्या बहुतेकांत चिकोरी असते. पाकिटावर टक्केवारी छापलेली असते: ८०-२०, ७०-३०, कधी ५३-४७ सुद्धा. नियमाप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते, म्हणजे जवळजवळ निम्मी चिकोरी असली तरी ते पाकीट कॉफी म्हणून विकता येतं. गरम डिकॉक्शनला, म्हणजे फिल्टरमधून उतरलेल्या कॉफीच्या अर्काला, चिकोरी दाटपणा आणि रंग देते, दक्षिणेत लोक ती आवडीने पितात, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण मला हवा होता कॉफीचा स्वतःचा वास, आणि चिकोरी तो झाकून टाकते.

म्हणून मी बिया समोर दळून देणाऱ्या दुकानात गेले. ठाण्यातलंच जुनं दुकान, नाव घेत नाही. बाहेर फुटपाथपर्यंत वास येतो, आत पीबेरी, प्लँटेशन, रोबस्टा अशा पाट्या. (पीबेरी म्हणजे कॉफीच्या फळात दोनऐवजी एकच गोल बी तयार झालेली.) मी म्हटलं, "पाव किलो पीबेरी, चिकोरी नको, आणि जाडसर दळा."

काउंटरवरचे दादा म्हणाले, "चिकोरीशिवाय घट्ट होत नाही मॅडम."

"मला घट्ट नकोय. थंड पाण्यात भिजत घालायचीय."

"मग हीच चालेल. सगळे हीच नेतात." आणि त्यांनी चिकोरी तेवढी वगळून नेहमीसारखी पिठासारखी बारीक दळून पाकीट हातात दिलं.

ती चालत नाही. मुळीच चालत नाही. बारीक पूड गाळणीतून सरळ खाली उतरते आणि फडक्याची भोकं बुजवते. रात्री उशिरा फडकं बांधून ठेवलं तर सकाळी वर चिखल तसाच, खाली थेंब थेंब. शिवाय पूड जितकी बारीक तितका तिचा पाण्याशी संबंध जास्त, त्यामुळे एवढे तास भिजवल्यावर नको तो कडवटपणा आणि तुरटपणाही उतरतो. तळाशी गाळ बसतो तो वेगळाच. कोल्ड ब्रूचा सगळा गुण त्या एका गोष्टीने जातो.

मी परत गेले. ऑफिसमधून स्टेशनला उतरून संध्याकाळी. उत्तर मिळालं, "आत्ता गर्दी आहे, मशीनचं सेटिंग बदललं की पुढच्यांची पूड बिघडेल." ठीक आहे, म्हणून दुपारी गेले. तेव्हा "सेटिंग मालकच बदलतात, ते जेवायला गेलेत." थांबले. मालक आले ते फोनवर बोलतच, आणि मान हलवून म्हणाले, "आमच्याकडे फिल्टरचीच दळतात." मी मशीनकडे बोट दाखवलं. बाजूलाच फिरवायची मूठ होती, तिच्यावर आकडे होते. त्या मशीनमध्ये पोलादी चकत्या असतात आणि त्यांच्यातलं अंतर वाढवलं की दाणा जाड पडतो. एवढं मलाही कळतं. पण प्रत्येक वेळी काउंटरवर कोणीतरी वेगळं, आणि प्रत्येकाला मी नव्याने समजावून सांगायचं.

आपल्याकडे कोपऱ्यावरच्या गिरणीत भाकरीचं पीठ बारीक, लाडवाचं बेसन जाडसर, थालीपिठाची भाजणी वेगळी असं डब्यावर नुसतं तोंडाने सांगितलं की तसं दळून मिळतं. गिरणीवाले काका त्यासाठी कपाळाला आठी घालत नाहीत. मग पीठ दळण्याच्या दसपट पैसे घेणाऱ्याने एक मूठ फिरवायला एवढे आढेवेढे का घ्यावेत? मला हा प्रश्न आजही पडतो आणि मी तो त्या दुकानात विचारलाही.

मधल्या काळात बिया आणून मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दळल्या. तातडीची सोय म्हणून हे जमतं, पण युक्तीने करायला हवं: सलग फिरवायचं नाही, दोन-तीन सेकंदांचे झटके द्यायचे, आणि मग मैद्याच्या चाळणीने चाळायचं. चाळणीवर राहील ते कोल्ड ब्रूला, खाली पडेल ते गरम फिल्टर कॉफीला. काहीच वाया जात नाही, पण निम्मं तर खालीच पडतं. रोजचं काम नव्हे हे.

शेवटी काम झालं ते दोन गोष्टींमुळे. एक, शनिवारी सकाळी दुकान उघडताना जाऊन उभी राहिले, दिवसाची पहिली दळण सुरू व्हायच्या आधी. दुसरी, पर्समध्ये लहान डबीत घरातला जाडा रवा घेऊन गेले. "एवढं जाड," म्हणून डबी उघडून काउंटरवर ठेवली. तिथे एक वयस्कर गृहस्थ होते, मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं. त्यांनी रवा चिमटीत घेऊन बघितला, मूठ फिरवली, दोन-चार बिया घालून पाहिल्या, आणखी थोडी फिरवली. "हे बघा ताई, असं?" अगदी तसंच. मशीनमध्ये आदल्या दिवशीची बारीक पूड उरलेली असते, तर पहिली मूठभर त्यांनी स्वतःहून बाजूला काढली. हे तुम्हीही आठवणीने सांगा. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम. पाकिटावर मी पेन घेऊन तारीख आणि "जाडसर, चिकोरी नाही" असं लिहायला लावलं, आणि आता दर वेळी तेच रिकामं पाकीट नेऊन दाखवते. कोणीही काउंटरवर असो, वाद होत नाही. त्या रात्री भिजवलेली कॉफी सकाळी फडक्यातून सरसर खाली उतरली, तेव्हा मला खरंच अभिमान वाटला.

एका वेळी पाव किलोच घ्या. दळलेल्या कॉफीचा वास फार दिवस राहत नाही, आणि पावसाळ्यात तर घट्ट झाकणाचा डबा नसेल तर ती हवेतली ओल ओढते.

अर्क तयार झाला की अर्धा ग्लास तो, अर्धा ग्लास थंड दूध किंवा पाणी, आणि बर्फ. शहाळ्याच्या पाण्यात घालून बघा, साखरही लागत नाही. थंड पेयात साखर लवकर विरघळत नाही, तळाशी बसते, म्हणून साखर आणि पाणी समप्रमाणात गरम करून पाक बाटलीत भरून ठेवावा. गुळाचाही छान होतो, फक्त गाळून घ्या. दूध तापवलेलं असेल तर साय काढून गाळा, गार ग्लासात सायीचे तुकडे फार वाईट लागतात.

बर्फाबद्दल राहिलंच. फ्रीझरमध्ये सुरमई-कोळंबी असते त्या घरात बर्फाचा ट्रे झाकणाचाच हवा, कारण बर्फ वास पकडतो आणि कॉफीत तो लगेच कळतो. उरलेल्या अर्काचे खडे करून ठेवले तर ते वितळले तरी कॉफी पातळ होत नाही.

आणि रात्री भिजवायला विसरलात तर गरम कॉफी सरळ बर्फावर ओता, पण नेहमीच्या प्रमाणाने केलेली नको. ८० अंशांचं पाणी शून्यावर आणायला त्याच्याच वजनाचा बर्फ पूर्ण वितळावा लागतो, म्हणजे ग्लासात पाणी दुप्पट होतं. म्हणून पूड तेवढीच ठेवून गरम पाणी अर्धं करायचं आणि उरलेलं अर्धं बर्फाच्या वजनात धरायचं. याला मात्र फिल्टरची बारीक पूडच लागते, तेव्हा दुकानातून आणलेली ती पहिली पाकिटं फेकू नका.