बसच्या पुढे कोण उभं राहणार?

सुट्टीत पुण्याला आलो की कुणीतरी हमखास विचारतं, "तुमच्या हाँगकाँगला म्हणे चिरीमिरी द्यावी लागत नाही. माणसं जात्याच सचोटीची का हो तिथली?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दुधाने धुतलेली नव्हती ती. 1960च्या दशकात रुग्णवाहिकावाले आधी 'चहाचे पैसे' मागायचे, मग पेशंट उचलायचे. इस्पितळातल्या आयांना बेडपॅनसाठी, अगदी पाण्याच्या ग्लाससाठीही हात ओले करून हवे असायचे. पोलिसांत तर हप्त्याची 'बस'च होती. नव्याला सांगत: बसमध्ये चढ, चढायचं नसेल तर शेजारून पळ, पण बसच्या पुढे उभा राहू नकोस. 1973च्या चौकशी अहवालातच हे नोंदलेलं आहे.

त्याच वर्षी पीटर गॉडबर हा बडा पोलिस अधिकारी चौकशी चालू असतानाच विमानतळाच्या पोलिस पासवर निसटला. माया 43 लाख हाँगकाँग डॉलरच्या वर. लोक रस्त्यावर आले, आणि 1974मध्ये पोलिसांच्या कक्षेबाहेरचा, थेट ब्रिटिश गव्हर्नरला बांधील असा भ्रष्टाचारविरोधी आयोग आला. गॉडबरला परत आणून 4 वर्षं आत टाकलं. पुढे 1977मध्ये चिडलेले पोलीस आयोगाच्याच कचेरीत घुसले, आणि गव्हर्नरला जुन्या बऱ्याच प्रकरणांवर पाणी सोडावं लागलं. सुखासुखी काही झालं नाही.

तिथले कँटोनीज बोलणारे अशा वेळी कमळाची म्हण काढतात: चिखलातून वर यावं, पण चिखल लागू देऊ नये. आपल्याला 'पद्मपत्रमिवाम्भसा' आठवतं आणि आपण माना डोलावतो. मला मात्र ही म्हण जरा सोयीची वाटायची. बसशेजारून पळणाऱ्यांनाही चिखल लागला नव्हताच की! पगारावर भागवलं, तोंड मिटून बसले, आणि बस चालूच राहिली.

पण ती ओळ लिहिणारा चिनी विचारवंत झोउ दुन्यी असा शेजारून पळणारा नव्हता. कमळावरचा निबंध त्याने 1063मध्ये लिहिला. पेशाने सरकारी अधिकारी. कायद्याने मृत्युदंड बसत नसतानाही एका कैद्याला मारायचंच, असा झोउच्या वरिष्ठाचा हट्ट होता. बाकीचे गप्प. हा एकटा भांडला. ऐकत नाहीत म्हटल्यावर अधिकाऱ्याने हातात धरायची पाटी खाली ठेवून निघाला: कुणाला खूश करायला माणूस मारायचा असेल, तर नको ही नोकरी.

वरिष्ठ वरमला. कैदी वाचला.