मुतखडा आणि लाल दोऱ्याची गाळणी

आमचं काम ठिबकच्या नळ्यांचं, म्हणजे मे महिन्यातल्या ४५ डिग्रीत पण मोटारसायकलवर यावल, रावेर, चोपडा. घरून बाटली न्यायचो ती अकरालाच चहासारखी गरम, मग कोण पितंय, ज्याच्या बागेत गेलो तिथला कटिंग चहा, त्यावरच दिवस निघायचा. लघवी पिवळीजर्द आणि जळजळ, म्हटलं उन्हाळी लागली असेल, होईल बरी.

मग एका पहाटे उजव्या कुशीत अशी कळ उठली की बसवेना ना झोपवेना, पाठीकडून निघायची ती थेट जांघेत, दोन उलट्या झाल्या. मला वाटलं रात्रीची शेवभाजी बाधली, आई ओवा घेऊन मागे मागे. सकाळी सोनोग्राफीत निघाला मुतखडा, ६ एमएमचा, मूत्रनळीत अडकलेला. डॉक्टर म्हणे ५ च्या आतले बहुतेक आपोआप पडतात, तुझ्या खड्याचं नक्की नाही पण वाट बघू, मात्र थंडीताप आला नाहीतर लघवी अडली तर रात्र असो दिवस असो, निघून यायचं. दुखायची गोळी, नळी सैल करायची गोळी, आणि दरवेळी लघवी गाळून करायची.

त्यासाठी नवी चहाची गाळणी आणली, आईने तिच्या दांडीला लाल दोरा बांधला, स्वयंपाकघरातल्या गाळणीत मिसळायला नको म्हणून!

सल्ले तर विचारूच नका. कुणी कुळथाचं पाणी, कुणी पानफुटी, मित्र म्हणे दोन बिअर मार भो, धारेसोबत निघून जाईल. डॉक्टरांनी बिअरला साफ नकार दिला. मी आपल्या मनाने दूध बंद केलं होतं त्यावरही बोलणी खाल्ली, कारण जेवणात कॅल्शियम कमी पडलं तर ऑक्झलेट, म्हणजे बहुतेक खडे ज्यातून बनतात तो जेवणातला क्षार, उलट जास्त शोषलं जातं. कमी करायचं ते मीठ. म्हणजे पापड, लोणचं, शेव. खान्देशी माणसाला हे सांगणं सोपंय का?

नवव्या दिवशी गाळणीत टक् वाजलं. ज्वारीच्या दाण्याहून जरा मोठा, तपकिरी, काटेरी. लॅबमध्ये दिला, कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला.

आता ओलं फडकं गुंडाळलेली दोन लिटरची बाटली गाडीला असते, ती संपली की कुठल्याही बागेत परत भरतो, लघवी पाण्यासारखी दिसेपर्यंत पितो. ज्याला एकदा झाला त्याला परत होऊ शकतो असं डॉक्टर म्हणाले ते आईने बरोबर ऐकलं, गाळणी अजून मोरीतल्या खिळ्याला आहे, दोऱ्यासकट.